वूस्टर ते यॉर्कटाउन : अमेरिकेच्या बंडाच्या वाटेवर

शनिवार : वूस्टर

अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याच्या जागा बघायच्या म्हटलं की सगळे बॉस्टनला उतरतात. आम्ही वूस्टरपासून सुरुवात केली. ताई आणि भावोजी शेजारच्या श्रूझबरीत राहतात हे एक कारण. दुसरं, भावोजींचं ठाम मत : "बंड झालं ते इथे. बॉस्टनला नुसता चहा बुडाला."

ऑक्टोबरची थंडी, बारीक पाऊस. ताईने केलेले दडपे पोहे खाऊन निघालो आणि मेन स्ट्रीटच्या टोकाला कोर्ट हिलपाशी उभे राहिलो. तिथे आज जुन्या न्यायालयाची भली मोठी दगडी इमारत आहे. १७७४ सालचं लाकडी न्यायालय याच टेकडीवर होतं. ६ सप्टेंबर १७७४ रोजी या रस्त्याच्या दोन्ही कडांना ४,६२२ माणसं रांगेने उभी राहिली. आसपासच्या ३७ गावांतले शेतकरी, सुतार, लोहार. राजाच्या नावाने न्यायदान करणाऱ्या अधिकाऱ्यांना त्यांनी न्यायालयात पाऊलही ठेवू दिलं नाही. उलट हातात टोपी घेऊन त्या रांगांमधून चालायला लावलं. आम्ही नव्या कायद्याखाली कोर्ट चालवणार नाही, हे त्यांना तीसेक वेळा मोठ्याने म्हणावं लागलं, कारण मागे उभ्या असलेल्यांनाही ते ऐकू जायला हवं होतं. एकही गोळी झडली नाही. त्या दिवसानंतर या जिल्ह्यावर इंग्लंडची सत्ता पुन्हा कधीच आली नाही. युद्धाला तोंड फोडणारी लेक्सिंग्टनची चकमक याच्यानंतर सात महिन्यांनी झाली.

शेतकरी एवढे का पेटले? चहा बुडवला म्हणून पार्लमेंटने १ जून १७७४ पासून बॉस्टन बंदर बंद केलं, हे आपण शाळेत वाचतो. पण त्याच्याच जोडीला दुसरा कायदा आला. मॅसॅच्युसेट्सची १६९१ ची सनद त्याने मोडीत काढली. गव्हर्नरचं सल्लागार मंडळ यापुढे राजा नेमणार, ज्युरी शेरीफ निवडणार, आणि गव्हर्नरच्या परवानगीशिवाय गावाची सभा वर्षातून एकदाच भरणार. बंदर बंद झाल्याची झळ बॉस्टनच्या व्यापाऱ्याला आणि हमालाला लागली. सभा बंद झाल्याची झळ प्रत्येक गावाला. सव्वाशे-दीडशे वर्षं ही गावं रस्ता कुठून न्यायचा, मास्तरला पगार किती द्यायचा, मोकाट डुकरांवर नजर कुणी ठेवायची (त्यासाठी खरंच एक निवडलेला माणूस असे) हे सगळं सभेत भांडून ठरवत आली होती. त्या सभेत बाया नव्हत्या, गुलाम नव्हते, मूळ रहिवासी नव्हते, मालमत्ता नसलेलेही नव्हते. तरी ज्यांना तिथे बोलायची सवय लागली होती, त्यांना 'आता गप्प बसा' म्हणणं सोपं नव्हतं. लढ्याचा एक पुढारी जॉन ॲडम्स याने म्हातारपणी, स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफर्सनला लिहिलं होतं की क्रांती लोकांच्या मनात घडली आणि ती लेक्सिंग्टनला रक्ताचा थेंब सांडण्याआधीच्या पंधरा वर्षांत पुरी झाली. मला ते वूस्टरच्या त्या ओल्या फुटपाथवर पटलं.

जवळच्या कॉमनवर, म्हणजे गावच्या मैदानावर, टिमथी बिगेलो याचं स्मारक आहे. वूस्टरच्या चळवळीचा पुढारी, धंद्याने लोहार. सकाळी तिथे आमच्याशिवाय कोणी नव्हतं.

सूचना : वूस्टरसाठी अर्धा दिवस पुरे. बॉस्टनहून लोकल ट्रेन येते. जाताना हा इतिहास वाचून जा, जागेवर सांगायला फारसं कोणी भेटत नाही.

रविवार : बॉस्टन

इथे मात्र वाट चुकायची सोयच नाही. फ्रीडम ट्रेल म्हणजे फुटपाथवर आखलेली लाल विटांची रेघ, साधारण चार किलोमीटर, सोळा ठिकाणं. बॉस्टन कॉमनपासून निघते आणि नदीपलीकडे बंकर हिलला संपते.

ग्रॅनरी दफनभूमीत सॅम्युएल ॲडम्स, जॉन हॅनकॉक, पॉल रिव्हिअर अशी मोठी नावं आहेत, पण माझी पावलं अडली ती एका साध्या शिळेपाशी. ५ मार्च १७७० ला इंग्रज शिपायांनी केलेल्या गोळीबारात मेलेल्या पाच जणांची ती. त्यांतला क्रिस्पस अ‍ॅटक्स आफ्रिकी आणि मूळ अमेरिकी वंशाचा खलाशी होता. गोळीबाराची जागा पुढे ओल्ड स्टेट हाउससमोर दगडांच्या वर्तुळाने दाखवली आहे. बाजूने ट्रॅफिक वाहत असतो. गोळ्या झाडणाऱ्या शिपायांचं वकीलपत्र घेतलं ते याच बंडखोरांतल्या जॉन ॲडम्सने. सहा शिपाई निर्दोष सुटले, दोघांना सदोष मनुष्यवधाबद्दल अंगठ्यावर डाग देण्यात आला. राजाच्या शिपायालाही न्याय्य खटला मिळाला पाहिजे, असं मानणारा माणूस पुढे त्याच राजाविरुद्ध उभा राहिला. मला त्या काळातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्ये आम्ही बराच वेळ बसून राहिलो. १६ डिसेंबर १७७३ रोजी इथे सुमारे पाच हजार माणसं जमली होती. आत येईनात इतकी. इथून उठून लोक धक्क्यावर गेले आणि डार्टमथ, एलेनॉर आणि बीव्हर या तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या समुद्रात रिकाम्या केल्या. चहा ईस्ट इंडिया कंपनीचा, पण आपल्याकडचा नव्हे, चीनमधला. आसामचे मळे तेव्हा नव्हतेच.

तरीही त्या चहाचा आपल्याशी संबंध आहे, आणि तो मला भारतात कुणी नीट सांगितला नव्हता. बंगालमध्ये १७७० चा भीषण दुष्काळ पडला, कंपनीचा कारभार भ्रष्ट, ती कर्जात बुडाली. लंडनच्या गोदामांत न विकलेल्या चहाचे ढीग. १७७३ साली पार्लमेंटने कंपनीला चौदा लाख पौंडांचं कर्ज दिलं, तिच्यावर देखरेखीसाठी रेग्युलेटिंग ॲक्ट केला, आणि तिचा चहा खपावा म्हणून टी ॲक्ट केला. एकाच वर्षी, एकाच दुखण्यावरचे हे उपाय. या कायद्याने अमेरिकेत चहा स्वस्त होणार होता! पण पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर तसाच ठेवला. विक्रीचा मक्ता कंपनीने निवडलेल्या मोजक्यांना. बॉस्टनमध्ये त्यांत गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे. स्वस्त चहा पिऊन आपण या कराला मान डोलावली असा अर्थ होईल, हे लोकांनी ओळखलं. फिलाडेल्फियाच्या जॉन डिकिन्सनने त्याच वर्षी पत्रक काढून बंगालच्या दुष्काळाचा दाखला दिला : ज्या कंपनीने आशियात माणसं उपाशी मारली, तिची नजर आता आपल्यावर आहे. बंगालमधल्या त्या मेलेल्या माणसांचा उल्लेख अमेरिकेच्या लढ्यात झाला होता, हे कळल्यावर मी ताईचा हात घट्ट धरला. ती म्हणाली, "अगं, वीस वर्षं इथे राहून मलाही हे माहीत नव्हतं."

बायकांचा वाटा चहा बुडवण्याच्या आधीपासूनचा आहे. १७६७ साली टाउनशेंड या इंग्रज मंत्र्याचे कर आल्यावर इंग्लिश मालावर बहिष्कार पडला, तेव्हा गावोगाव बायका एकत्र बसून सूत कातत, घरचं कापड विणत. चहाऐवजी रानातल्या पानांचा काढा पीत. सभेत त्यांना मत नव्हतं, पण बहिष्कार घरातून चालतो आणि घर त्यांच्या हाती होतं.

दुपारी जेवायला शिरलो. भावोजींनी क्लॅम चाउडर (शिंपल्यांचं दाट सूप) घेतलं. आम्ही दोघींनी सॅलड-ब्रेडवर भागवून 'इंडियन पुडिंग' मागवलं. मक्याचं पीठ दुधात तासन् तास शिजवून त्यात काकवी घालतात. चव थेट गुळाच्या लापशीची. आणि ही काकवी काही नुसती गोडव्यापुरती नाही. वेस्ट इंडीजमध्ये गुलामांच्या घामावर पिकलेल्या उसाची काकवी बॉस्टनला यायची, तिची रम व्हायची. १७६४ च्या शुगर ॲक्टने तिच्यावरचा कर गॅलनमागे सहा पेन्सवरून तीनवर आणला, पण वसुली पहिल्यांदाच कडक केली. फ्रान्सशी झालेलं युद्ध १७६३ साली संपलं होतं, तिजोरीवर कर्जाचा डोंगर होता, आणि वसाहतींनी वाटा उचलावा असं लंडनला वाटत होतं. पुढच्याच वर्षी स्टॅम्प ॲक्ट. दस्तऐवज, वर्तमानपत्र, पत्त्यांचा जोड, सगळ्यावर मुद्रांक. इतका गदारोळ झाला की १७६६ साली तो मागे घेतला, पण त्याच वेळी पार्लमेंटने जाहीर केलं की वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करायचा अधिकार आमचाच. बाकीची दहा वर्षं भांडण या एका वाक्याचं होतं. कराची रक्कम किती, हा मुद्दा कधीच नव्हता.

संध्याकाळी बंकर हिलच्या मनोऱ्याच्या २९४ पायऱ्या मी आणि भावोजी चढलो. ताई खाली बाकावर बसली. १७ जून १७७५ ला ही टेकडी इंग्रजांनी जिंकली खरी, पण त्यांचे हजारावर लोक मेले किंवा जखमी झाले.

सूचना : बहुतेक ठिकाणं फुकट आहेत. ओल्ड स्टेट हाउस आणि ओल्ड साउथला तिकीट लागतं, दोन्हींचं मिळून एकच. परतताना चार्ल्सटाउनहून लाँग वार्फला फेरी बोट घ्या. पायही वाचतात आणि शहर पाण्यावरून दिसतं. वारा बोचरा असतो, कानटोपी हवी.

सोमवार : लेक्सिंग्टन, कॉन्कर्ड

ऊन पडलं. मेपलची झाडं अशी लाल-केशरी झाली होती की भावोजींना गाडी दोनदा थांबवावी लागली.

लेक्सिंग्टनचं मैदान अगदी लहान आहे. १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे इथे कॅप्टन पार्करची ७७ माणसं उभी होती आणि समोरून सातशे शिपायांची पलटण येत होती. पहिली गोळी कुणाची, हे आजवर ठरलेलं नाही. आठ गावकरी मेले. जखमींत प्रिन्स एस्टाब्रुक होता, गुलाम. ज्या स्वातंत्र्यासाठी तो लढायला उभा राहिला, त्यात त्या सकाळी त्याचा हिस्सा नव्हता.

कॉन्कर्डचा नॉर्थ ब्रिज त्याहून शांत. खाली नदी इतकी संथ की झाडांचे रंग जसेच्या तसे पाण्यात. पुलाच्या एका टोकाला मिनिटमनचा, म्हणजे हाक येताच बंदूक घेऊन धावणाऱ्या गावकऱ्याचा, पुतळा : एका हातात बंदूक, दुसरा हात नांगरावर. दुसऱ्या टोकाला इंग्रज शिपायांची कबर, तिच्यावर कुणीतरी ताजी फुलं ठेवली होती. गावकऱ्यांना राजाच्या सैन्यावर गोळ्या झाडण्याचा हुकूम पहिल्यांदा मिळाला तो इथे. परतीच्या वाटेवर दर कुंपणाआडून, दर भिंतीआडून बंदुका झडल्या. बॉस्टनला पोचेपर्यंत ७३ इंग्रज शिपाई मेले होते.

पुलावर एक आजीबाई कुत्र्याला फिरवत होत्या. ताईने बोलणं काढलं. त्या कॉन्कर्डच्याच. मी विचारलं, गावसभा अजून भरते का? त्यांचा चेहरा फुलला. भरते म्हणजे काय, कुठलाही नोंदणी केलेला मतदार उठून बोलू शकतो! २०१२ साली पाण्याच्या छोट्या प्लास्टिक बाटल्यांवर बंदीचा ठराव झाला त्या सभेला त्या होत्या. "माझी शेजारीण विरोधात बोलली. दुसऱ्या दिवशी तिनेच मला सफरचंदं आणून दिली." १७७४ साली वर्षातून एकदाच भरवा म्हणून हुकूम आला होता तीच ही सभा. तिला अजून हजेरी आहे, हे त्या बाईंच्या तोंडून ऐकताना मला फार बरं वाटलं.

सूचना : बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनहून कॉन्कर्डला लोकल आहे. लेक्सिंग्टन ते कॉन्कर्ड बॅटल रोडची पायवाट आहे, तिचा एखादा तुकडा तरी चालाच. शेतांवरच्या दुकानात सायडरचे गरम डोनट मिळतात. अंडं असतं, विचारून घ्या.

बुधवार : फिलाडेल्फिया

मंगळवार प्रवासात गेला. बुधवारी सकाळी इंडिपेंडन्स हॉल.

आत शिरल्यावर पहिलं लक्षात येतं ते खोलीचं लहानपण. हिरवी टेबलं, त्यांवर पिसाच्या लेखण्या, समोर अध्यक्षांची खुर्ची. जुलै १७७५ मध्ये, बंकर हिलच्या नंतर, याच खोलीतून वसाहतींच्या प्रतिनिधींनी राजाला समेटाचा अर्ज पाठवला होता. म्हणजे माणसं मरत असतानाही यांना इंग्रजच राहायचं होतं. राजाने अर्जाकडे पाहिलंही नाही. ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर ठरवल्या. जानेवारी १७७६ मध्ये याच शहरात टॉमस पेनचं 'कॉमन सेन्स' निघालं. पेन वर्ष-दीड वर्षापूर्वी इंग्लंडहून आलेला, धंद्यात अपयशी माणूस. तोवर लोक पार्लमेंटला दोष देत आणि राजाला सोडून देत. पेनने साध्या भाषेत विचारलं की राजा हवाच कशाला. सहा महिन्यांत वारं फिरलं. २ जुलैला स्वातंत्र्याचा ठराव तेरापैकी बारा वसाहतींच्या मतांनी झाला, न्यूयॉर्क तटस्थ राहिलं. ४ जुलैला जाहीरनाम्याचा मसुदा मंजूर झाला, आणि बहुतेकांच्या सह्या तर ऑगस्टमध्ये झाल्या.

आम्हाला माहिती देणारी रेंजर तरुण मुलगी होती, आवाज खणखणीत. जेफर्सनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा उतारा होता आणि तो याच खोलीत काढला गेला, हे तिने काही न लपवता सांगितलं. जेफर्सन मसुदा लिहीत होता तेव्हा त्याच्या दिमतीला रॉबर्ट हेमिंग्ज हा चौदा वर्षांचा गुलाम मुलगा होता. सगळी माणसं जन्मतः समान, हे वाक्य त्या मुलाच्या डोळ्यांदेखत लिहिलं गेलं. त्या वाक्याबद्दल मला अपार आदर आहे, आणि ते लिहिणाऱ्यावरचा माझा रागही खरा आहे. पुढे ज्यांनी ज्यांनी हक्क मागितले, त्यांनी तेच वाक्य पुढे करून मागितले.

दुपारी रीडिंग टर्मिनल मार्केट. आमिश या साध्या, जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथातल्या बायकांच्या गाळ्यावर गरम प्रेट्झेल, लोणी लावून. शेजारी शूफ्लाय पाय, पुन्हा काकवी! नंतर डेलावेअर नदीकाठी फिरताना भावोजींनी ठेवणीतली गोष्ट काढली. १७८२ च्या एप्रिलमध्ये या नदीच्या मुखाशी पेन्सिल्व्हेनियाच्या एका जहाजाने 'जनरल मंक' हे इंग्रजी जहाज पकडलं. त्या जहाजाचं नाव 'हैदर अली'. म्हैसूरचा सुलतान तिकडे इंग्रजांशी लढतोय ही बातमी इथवर पोचली होती आणि लोकांना तो आपला वाटत होता. मी विचारलं, "मग मराठे?" १७७९ च्या जानेवारीत आपण वडगावला इंग्रजांना तह करायला लावला, तोही याच युद्धाच्या काळात. भावोजी हसले : "तुमचं नाव कुणी जहाजाला दिलेलं मला तरी सापडलं नाही."

सूचना : इंडिपेंडन्स हॉलची वेळ आधीच ऑनलाइन ठरवा, शुल्क नाममात्र आहे. लिबर्टी बेलला तिकीट नाही, पण रांग असते. सकाळी लवकर जा.

गुरुवार : व्हॅली फोर्ज

दिवसभर पाऊस. लाकडी खोपट्या, ओलं गवत, आणि आम्ही तिघं. १७७७-७८ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनचं सुमारे बारा हजारांचं सैन्य इथे राहिलं. लढाई एकही नाही, तरी दोन हजारांच्या आसपास माणसं गेली, टायफस, आमांश, इन्फ्लुएन्झाने. एका खोपटीत बारा जण झोपत; आत उभं राहिलं की अंगावर काटा येतो. इथेच प्रशियाच्या श्टॉयबेनने त्यांना कवायत शिकवली, आणि इथेच मे महिन्यात बातमी आली की साराटोगाला अमेरिकी सैन्याने मिळवलेला विजय बघून फ्रान्सने हात दिला आहे.

शुक्रवार : यॉर्कटाउन

गाडीने व्हर्जिनियात उतरलो तशी हवा उबदार झाली. १९ ऑक्टोबरचा वार्षिक समारंभ जवळ आला होता, गावात झेंडे लागत होते.

रणभूमी म्हणजे गवताळ माळ आणि मातीचे बुरूज. इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस इथे नदीकडे पाठ करून बसला, आपलं आरमार येईल या भरवशावर. ५ सप्टेंबर १७८१ ला फ्रेंच आरमाराने चेसापीकच्या तोंडाशी ते परतवलं आणि तो अडकला. १४ ऑक्टोबरच्या रात्री नऊ आणि दहा नंबरचे बुरूज पडले. नऊ फ्रेंचांनी घेतला, दहा हॅमिल्टनच्या अमेरिकी तुकडीने. पाचव्या दिवशी शरणागती. कॉर्नवॉलिस आजारी असल्याचं सांगून आलाच नाही, तलवार द्यायला जनरल ओहाराला पाठवलं. हे यश फ्रेंचांशिवाय शक्य नव्हतं, आणि इथले फलक तसं स्पष्ट लिहितात.

इथलं एक दुःख फलकांपेक्षा मोठं आहे. इंग्रज आपल्याला मुक्त करतील या आशेने शेकडो गुलाम मळे सोडून कॉर्नवॉलिसच्या सैन्याबरोबर आले होते. वेढ्यात धान्य संपत आलं, देवीची साथ पसरली, तेव्हा त्याने त्यांना छावणीबाहेर हाकललं. दोन्ही सैन्यांच्या मधल्या रानात ते मेले. ज्यांच्यासाठी कुणीच लढत नव्हतं, त्यांनी स्वातंत्र्यावर सगळ्यात जास्त भरवसा ठेवला होता.

शरणागतीच्या मैदानावर एका वयस्क रेंजरने आम्हाला विचारलं, कुठले? महाराष्ट्र, म्हणाल्यावर तो म्हणाला, "मग कॉर्नवॉलिस पुढे तुमच्याकडेच आला." इथे हरलेला माणूस १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात उतरला. १७९२ साली श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके त्याच्या बाजूने उभे होते, टिपूविरुद्ध. कॉर्नवॉलिसची कबर गाझीपूरला आहे. मी रेंजरला हरिपंतांबद्दल सांगितलं, त्याने वही काढून नाव लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारून.

बाकीची दुपार आम्ही दोघं त्याच विषयावर बोलत राहिलो. तेरा वसाहती एकमेकींशी सीमेवरून, व्यापारावरून भांडायच्या, पण बॉस्टनचं बंदर बंद झालं तेव्हा बाकीच्यांनी धान्य पाठवलं आणि १७७४ च्या सप्टेंबरात बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात एकत्र बसले. आपल्याकडे १७९२ साली पेशवे आणि निजाम इंग्रजांबरोबर होते. १८०३ साली शिंदे-भोसले लढले तेव्हा होळकर बाजूला राहिले, आणि होळकर लढले तेव्हा शिंदे-भोसल्यांचे तह झालेले होते. रेंजर म्हणाला की वसाहतींचे लोक निदान एका भाषेत भांडत होते. ते खरं आहे. पण एकमेकांना पत्रं लिहिणाऱ्या समित्या त्यांनी १७७२ पासून गावोगाव नेमल्या होत्या, युद्धाच्या तीन वर्षं आधी, हेही खरं आहे.

सूचना : बुरुजांपासून शरणागतीच्या मैदानापर्यंत गाडीने फिरायचा आखलेला रस्ता आहे, दोन-तीन तास ठेवा. मूर हाउस, जिथे अटी ठरल्या, ते उघडं असेल तर चुकवू नका. जेवायला व्हर्जिनियाचं शेंगदाण्याचं सूप मागवा. बरेचदा ते चिकनच्या पाण्यात करतात, शाकाहारी लोकांनी आधी विचारावं. वेळ कमी असेल तर व्हॅली फोर्ज गाळा, पण वूस्टर गाळू नका, आणि ते पहिल्याच दिवशी करा.